आडव्या ढालीचा राक्षस

"राक्षस मी आणतो," लिफ्टसाहेब म्हणाले आणि रिकामे कप गोळा करून आत निघून गेले.

बाहेरच्या खोलीत बसलेले तिघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले. खरं तर ते निरोप घ्यायला आले होते. तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर, शाळेत भूगोल शिकवणाऱ्या बाई आणि लिफ्टसाहेबांची स्वतःची लेक. दर शनिवारी दुपारी या खोलीत बसून ते जो खेळ खेळत, तो आता बंद करावा, हे कसं सांगायचं याची त्यांनी जिन्यात उभं राहून तालीमसुद्धा केली होती. ती तालीम अशी वाया गेली.

खेळ साधा होता, म्हणजे त्या तिघांना साधा वाटायचा. एकजण सूत्रधार. तो गोष्ट सांगतो: पुढे भुयार आहे, उजवीकडे विहीर आहे, विहिरीतून काहीतरी वर येतंय. बाकीचे त्या गोष्टीतले वीर. काय करायचं ते वीरांनी ठरवायचं आणि जमलं की फसलं ते फाशांनी. डॉक्टर आठवडाभर लोकांना "अजिबात दुखणार नाही हं" म्हणत आणि शनिवारी कुऱ्हाड घेऊन मुंडकी उडवत. बाई जादूगार होत्या. लेक बँकेत नोकरीला होती, म्हणून खेळात चोर झाली होती.

आणि सूत्रधार होती लिफ्टसाहेबांची बायको.

राक्षस तिचेच. पुस्तकातले तिला पटत नसत. ती मातीचे करायची, रंगवायची आणि काचेच्या कपाटात ठेवायची. लोकांच्या घरी जिथे पाहुण्यांचे कप असतात, तिथे यांच्या घरी तीन डोक्यांचा बेडूक होता. शेवटच्या शनिवारी तिने तिघांना एका लोखंडी दारापुढे आणून उभं केलं, "आत काय आहे ते पुढच्या शनिवारी," असं म्हणाली आणि फासे पिशवीत भरले. पुढच्या शनिवारी ती दवाखान्यात होती. त्याच्या पुढच्या शनिवारी नव्हती.

दारामागे काय होतं ते तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

लिफ्टसाहेबांचा या खेळाशी संबंध फक्त चहापुरता. नोकरीभर त्यांनी इमारतींमधल्या लिफ्ट तपासल्या. "चालू आहे" आणि "सुरक्षित आहे" यांत जमीनअस्मानाचा फरक आहे, हे सांगण्यात त्यांची उमर गेली. शनिवारी ते आतल्या खोलीत पेपर वाचत आणि ठरल्या वेळी चहा घेऊन येत. दोन्ही हातांत ट्रे असल्यामुळे दार कोपराने ढकलत. ते आत आले की सगळे एकदम गप्प व्हायचे, हातातले फासे खाली ठेवायचे. चहाचा मान ठेवतात बिचारे, असं साहेबांना वाटे. आपल्यासमोर कुणी खेळत नाही याचं थोडं वाईटही वाटे. पण ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही.

आता ते स्वतःच सूत्रधार होणार होते. लेक स्वयंपाकघरात आली.

"बाबा, तुम्हाला नियम तरी माहीत आहेत का?"

"नियम मला शिकवू नकोस. या इमारतीतले निम्मे नियम मी केलेत."

हे खरं होतं, आणि पुढे हेच अंगाशी येणार होतं.

कुठलंही काम करायचं तर आधी त्या विषयाचं पुस्तक हवं, असा साहेबांचा बाणा. या खेळासाठी राक्षसांचे जाडजूड संग्रह निघतात. प्रत्येक पानावर एक राक्षस, त्याचं चित्र, त्याचं बळ, त्याच्या खोडी. लेक म्हणाली, फोनवर वाचा. साहेब म्हणाले, फोनवर वाचलेलं फोनवरच राहतं. संग्रह परदेशातून मागवला आणि तो टपालखात्याच्या जकात विभागात अडकला.

"पार्सलमध्ये काय आहे?" खिडकीतल्या कारकुनाने विचारलं.

"राक्षस."

"किती?"

"तीनशेच्या वर असतील."

कारकुनाने चष्मा वर केला. "जिवंत की मृत?"

"छापील आहेत."

"म्हणजे मृत."

"सरसकट तसं म्हणता येणार नाही," साहेब प्रामाणिकपणे म्हणाले. "काही अमर आहेत."

कारकुनाने त्यांना वरच्या मजल्यावर चित्रांच्या विभागात पाठवलं. तिथल्या बाईंनी पावती पाहून विचारलं, नुसती चित्रंच की आकडेही? आकडेही आहेत म्हटल्यावर त्या म्हणाल्या, मग हे तांत्रिक साहित्य झालं, त्याच्या वरचा मजला. तिथले साहेब जेवायला गेले होते. आणि तिथले साहेब जेवून कधी परत आल्याचं त्या कचेरीत कुणाला आठवत नव्हतं.

दुसरा कुणी असता तर हात हलवत घरी गेला असता. आमचे साहेब बाकावर बसले आणि सवयीने त्या कचेरीच्या लिफ्टकडे बघू लागले. लिफ्ट थांबताना कण्हत होती. दाराला बोटभर फट राहत होती. आणि तपासणीच्या दाखल्याची मुदत केव्हाच संपली होती. साहेबांनी खिशातून टेप काढून फट मोजायला घेतली. तेवढ्यात, कुठून कोण जाणे, जेवायला गेलेले साहेब उगवले. पाठोपाठ पार्सलही आलं. पार्सल आमच्या साहेबांनी घेतलंच, पण फटही मोजली. काम म्हणजे काम.

संग्रह वाचून मात्र त्यांची निराशा झाली. "हा बघ," ते लेकीला म्हणाले, "हत्तीएवढं अंग आणि पंख कोंबडीचे. याला उडायची परवानगी दिली कुणी? आणि हा आगीचा लोळ फेकतो. आग लागली तर बाहेर पडायची वाट कुठे दाखवलीय?"

"बाबा, तो राक्षस आहे."

"म्हणून काय झालं? बेजबाबदार असायलाच हवं का?"

मग त्यांनी बायकोचं कपाट उघडलं आणि एकेका राक्षसाची रीतसर तपासणी करून तपासणीपत्रकं भरली. भारक्षमता, हालणारे भाग, आणीबाणीत काय करावे. तीन डोक्यांच्या बेडकाला त्यांनी उत्तम शेरा दिला. तिचं काम पक्कं होतं, सांधा कुठे दिसत नव्हता. एकच मूर्ती त्यांना कमी वाटली. पुढच्याच फळीवर, एक रुंद खांद्यांचा बुटका, दोन्ही हातांत ढाल धरलेला. तीही छातीसमोर आडवी, जमिनीला समांतर. साहेबांनी लिहिलं: "ढालवाला. ढाल चुकीच्या पद्धतीने धरतो. वरून बाण आला तरच उपयोग. कारागिरी कच्ची, घाईत केल्यासारखी." बायकोच्या कामाला कच्चं म्हणताना त्यांचं पेन जरा अडलं. पण खोटा दाखला त्यांनी जन्मात दिला नव्हता.

पहिल्या शनिवारी तिघं बसले. साहेब उभे राहिले. सूत्रधाराची खुर्ची रिकामी होती.

"बसा ना," बाई म्हणाल्या.

"खुर्चीचा पाय डगमगतो."

डॉक्टरांनी सहज हात लावून पाहिला. खुर्ची पहाडासारखी पक्की होती. डॉक्टरांनी हात मागे घेतला आणि फासे चोळायला लागले.

"दार उघडतो आम्ही," लेक म्हणाली.

"थांबा. दाराआधी एक राक्षस आहे," साहेब म्हणाले. दार इतक्यात उघडायचा त्यांचा विचार नव्हता. का नव्हता, ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. ते दार बंद होतं तोवर बायकोची गोष्ट अर्धी होती, आणि अर्धी म्हणजे संपलेली नव्हती, एवढंच.

राक्षस झकास होता. बारा हात उंच, लोखंडी कातडीचा. डॉक्टरांनी कुऱ्हाड परजली. बाईंनी मंत्र म्हणायला घेतला. लेकीने मात्र बापाला पुरतं ओळखलं होतं.

"बाबा, याच्या अंगावर कुठे लाल बटण आहे का?"

साहेब चपापले. "हनुवटीखाली आहे."

"ते दाबलं तर?"

"तो थांबणार. आणीबाणीत कुणालाही थांबवता आलं पाहिजे."

"मग मी ते दाबते."

राक्षस थांबला. चहा अजून उकळायचा होता.

"छान होता हं," बाई समजुतीने म्हणाल्या. "अगदी सुरक्षित."

हा शेरा साहेबांच्या जिव्हारी लागला. जन्मभर ज्या शब्दासाठी ते भांडले, तोच शब्द आज बोचरा निघाला.

बातमी इमारतभर झाली आणि सल्ले सुरू झाले. लग्न, दुखणं आणि राक्षस या तीन गोष्टींत ज्याला त्याला सगळं कळतं. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका म्हणाल्या, "मूल असो की राक्षस, सुधारायची संधी द्यावी." डॉक्टर स्वतः खेळात, त्यांना विचारणं म्हणजे परीक्षेआधी प्रश्नपत्रिका वाटणं; पण तेच जिन्यात गाठून म्हणाले, "तो काय आहे ते मला सांगूच नका. फक्त एवढं सांगा, दाढा आहेत की नुसते सुळे? कारण नुसते सुळे असतील तर तो चावणार कसा? पचनाचे हाल होतील हो त्याचे." आणि इमारतीचे सेक्रेटरी जिन्याच्या तोंडाशी वाट अडवून म्हणाले, "राक्षस ठेवा, नाही असं नाही. पण आधी समितीला कळवायला हवं होतं."

साहेबांनी सगळ्यांचं ऐकलं. दुसऱ्या शनिवारचा राक्षस मुख्याध्यापिकांच्या सल्ल्याचा निघाला. पहिल्याच घावाला त्याने माफी मागितली. तिसऱ्या घावाला तो रडला. बाईंना त्याची दया आली, लेकीने त्याला आपलं ब्लँकेट दिलं आणि डॉक्टरांनी कुऱ्हाड पाठीमागे लपवली. शेवटी तिघांनी त्याला बरोबर घेतलं आणि उरलेली दुपार त्याच्यासाठी मऊ अन्न शोधण्यात गेली, कारण त्याला दाढा नव्हत्या. तिसऱ्या शनिवारी साहेबांनी सेक्रेटरींवरून धडा घेतला. तो राक्षस अंगावर येतच नव्हता. तो फक्त "समितीला कळवलंत का?" असं विचारायचा. तिघं वीर संध्याकाळपर्यंत भुयारातल्या एका खिडकीपुढे रांगेत उभे राहिले.

"साहेब," निघताना डॉक्टर म्हणाले, "मी आठवडाभर लोकांच्या तोंडात डोकं घालतो. शनिवारी मला रांग नको वाटते हो."

लेक मागे थांबली. "बाबा, आईचं दार."

"उघडू की. घाई काय आहे?"

"घाई नाही. पण ते उघडणारच नसेल तर आम्ही इथे येऊन काय करायचं? बाई म्हणत होत्या, येत्या शनिवारी दार उघडलं तर ठीक. नाहीतर आईने जिथे थांबवलं तिथेच मानाने थांबू."

म्हणजे बंद. शनिवारी घंटा वाजणार नाही, चार कप लागणार नाहीत. साहेबांना एका कपाचा चहा करता येत नसे. तो नेहमी जास्तच व्हायचा.

"शनिवारी दार उघडणार," ते म्हणाले. "आणि आत जो असेल, त्याला बटण नसेल."

त्यांनी आठवडाभर खपून मूर्ती केली. पुस्तकातल्या कुणाच्या बापाला सुचला नसता असा राक्षस. सात हात, चार माना, आणि डॉक्टरांसाठी दाढासुद्धा. माती बायकोच्याच डब्यातली. डब्यावर लिहिलं होतं, मंद आचेवर भाजावी. साहेबांनी ते वाचलं आणि सोडून दिलं. मंद आच हौशी लोकांसाठी. एवढा मोठा राक्षस मंद आचेवर कच्चा राहील, हे कुणीही सांगेल.

शनिवारी दुपारी त्यांनी ओव्हन पुरता तापवला, राक्षस आत सरकवला आणि इस्त्री करायला घेतली, कारण आज शर्ट बरा हवा होता. दुसऱ्या बाहीपर्यंत आले असतील नसतील, तो वास आला. ओव्हन उघडला तर आतून काळ्या धुराचा लोट. चारही माना एकमेकींच्या गळ्यात पडल्या होत्या. हात गळून तळाशी चिकटले होते. उरला होता तो एक गोळा, आणि त्यात दाढा तेवढ्या शाबूत.

खिडकीतून धूर बाहेर गेला. खाली सेक्रेटरींनी तो पाहिला, "आग!" म्हणून ओरडले आणि धावत जाऊन इमारतीचा मुख्य स्विच खाली ओढला. त्याच क्षणी आमचे तिन्ही वीर लिफ्टमधून वर येत होते.

लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबली.

साहेब जिन्याने खाली धावले. "आग नाही! मूर्ती जळलीय! स्विच वर करा!"

"करता येत नाही," सेक्रेटरी म्हणाले.

"का?"

सेक्रेटरींनी सूचनाफलकाकडे बोट दाखवलं. तिथे साहेबांच्याच सहीचा कागद होता. आगीच्या संशयाने मुख्य स्विच बंद केल्यास, वीज कर्मचाऱ्याने तपासल्याशिवाय तो कुणीही, कोणत्याही कारणाने, पुन्हा चालू करू नये.

"'कोणत्याही कारणाने' हे शब्द तुम्ही घालायला लावलेत," सेक्रेटरी म्हणाले. "मी तेव्हाच म्हटलं होतं, जरा सैल ठेवा."

साहेबांनी कागद पुन्हा वाचला. नियम बरोबर होता. पळवाट कुठेच नव्हती. इतका चोख नियम केल्याबद्दल त्यांना अशाही वेळी थोडा अभिमान वाटला.

वीज कर्मचाऱ्याला फोन झाला. तो येतो म्हणाला, आणि असे लोक "येतो" म्हणतात म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे. साहेबांनी आपली जुनी किल्ली आणून दुसऱ्या मजल्यावरचं लिफ्टचं दार उघडलं. लिफ्टची फरशी त्यांच्या छातीइतक्या उंचीवर होती. वरून तीन तोंडं वाकून बघत होती.

"उडी मारू का?" डॉक्टरांनी विचारलं.

"खबरदार! खाली खड्डा उघडा आहे. अडकलेल्या लिफ्टमधून उडी मारायची नसते." साहेबांनी घरातून इस्त्रीचं टेबल आणून त्या उघड्या खड्ड्यापुढे आडवं लावलं, हलवून पाहिलं, पुन्हा हलवून पाहिलं. "आता बसा खाली. कर्मचारी येईपर्यंत."

तिघं लिफ्टच्या फरशीवर मांडी घालून बसले. बाईंनी पर्समधून फासे काढून मधोमध ठेवले. फरशी साहेबांच्या बरोबर हाताशी आली होती, टेबलासारखी.

"मग," लेक म्हणाली, "दारामागे काय आहे?"

साहेबांचा राक्षस ओव्हनमध्ये गोळा होऊन पडला होता. पण शब्द दिला होता. "आणतो," म्हणाले आणि वर गेले. घरात अजून धूर होता. कपाटाची काच उष्णतेने की काय, अडकून बसली. हात जाईल एवढीच सरकली. डोळ्यांतून पाणी येत होतं. त्यांनी पुढच्या फळीवर चाचपडून जो हाताला लागला तो उचलला आणि खाली आले.

"दार उघडतं," ते धापा टाकत म्हणाले. "आणि आत उभा आहे हा!" त्यांनी मूर्ती फरशीवर ठेवली. मगच ती नीट पाहिली. ढालवाला. ढाल आडवी धरणारा, कच्च्या कारागिरीचा. संपलं, असं त्यांना वाटलं.

तिघं गप्प झाले. मग डॉक्टरांनी हातातला फासा अलगद खाली ठेवला. बाईंनीही ठेवला.

"काकूंनी याला दारामागे ठेवला होता?" बाईंनी हळू आवाजात विचारलं.

"ते मला माहीत नाही. हाताला आला तो आणला," साहेब म्हणाले. खोटा दाखला ते आताही देणार नव्हते. "चालेल का? ढाल जरा चुकीची धरलीय."

"बाबा," लेक म्हणाली, "ती ढाल नाही. ट्रे आहे."

साहेबांनी चष्मा पुसला. ट्रे होता. वर चार बारीक ठिपके होते, ते कप.

"वहिनींच्या संग्रहातला सगळ्यात भारी राक्षस," डॉक्टर म्हणाले. "दार कोपराने उघडतो. मी अगदी मुंडकं उडवायच्या बेतात असलो की नेमका तेव्हाच येतो."

"याच्यावर तलवार चालत नाही, मंत्र चालत नाही," बाई म्हणाल्या. "हा आला की शस्त्रं खाली. कप रिकामे होईपर्यंत कुणी कुणाला मारायचं नाही. समोरच्या राक्षसाने सुद्धा. काकूंचा नियमच होता."

"म्हणून तुम्ही गप्प बसायचात?"

"मग? राक्षसासमोर बोलणार कोण?"

साहेबांनी इस्त्रीचं टेबल पुन्हा एकदा हलवून पाहिलं. त्याची काहीच गरज नव्हती. बराच वेळ ते खाली मान घालून त्याचे पाय तपासत राहिले. मग घसा खाकरून, कामाच्या आवाजात विचारलं, "याला पाडायचं कसं?"

"पाडता येत नाही. डॉक्टरांना एकदा फाशावर वीस, म्हणजे सगळ्यात मोठं दान, पडलं होतं, तरी नाही."

"काहीतरी कमजोरी असेलच. प्रत्येक यंत्रात असते."

"एक आहे," लेक म्हणाली. "आई सांगायची. आपण खेळात नाही असं त्याला वाटतं."

खालून सेक्रेटरींनी ओरडून सांगितलं की कर्मचारी निघालाय. साहेबांनी ते ऐकलं की नाही कोण जाणे.

"आणि याच्या मागे काय आहे?" डॉक्टरांनी विचारलं. "हा दारात उभा आहे, म्हणजे आत खोली असणारच ना?"

"असणारच," साहेब म्हणाले. आता त्यांचा आवाज पहिल्यासारखा ठणठणीत झाला होता. "बऱ्याच खोल्या आहेत. एका शनिवारात व्हायचं काम नाही ते. पण आधी हा जे करायला आलाय ते करू द्या त्याला."

त्यांच्या घरात वीज नव्हती, धूर होता आणि सेक्रेटरींनी गॅसही बंद करायला लावला होता. ते मुख्याध्यापिकांच्या घरी गेले, त्यांच्या स्वयंपाकघरात त्यांचे सल्ले ऐकत चहा केला, आणि चार कप भरून, ट्रे दोन्ही हातांत छातीसमोर आडवा धरून, एकेक पायरी सांभाळत खाली आले. लिफ्टचं दार इस्त्रीच्या टेबलावर रेलून अर्धवट मिटलं होतं. हात मोकळे नव्हते. साहेबांनी ते कोपराने ढकललं.

"आला," आतून डॉक्टर कुजबुजले, आणि तिघांनी फासे खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"कप रिकामे होईपर्यंत," लिफ्टसाहेब म्हणाले, "कुणीही जागचं हलायचं नाही."